परग्रहवासी, पावणं आणि हाडवैरी

कोल्हापुरातल्या एका शिक्षिका आपल्या मित्रमंडळींसाठी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील जुन्या साहसकथांवर मराठीत टिपणे लिहीत आहेत. त्यांचे दोन प्रश्न आहेत. ‘एलियन’ या शब्दासाठी सर्वत्र ‘परग्रहवासी’ लिहिले तर चालेल का, हा पहिला. या मालिकेत फिरून फिरून येणाऱ्या परग्रहावरच्या शत्रूला ‘आवर्ती शत्रू’ म्हणावे का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो. पहिल्यासाठी मात्र मालिकेच्या कथांमध्येच थोडे शिरावे लागेल.

‘आवर्ती’ हा शब्द व्याकरणाने निर्दोष आहे, पण मराठी वाचकाला तो दोनच ठिकाणी भेटलेला असतो. गणिताच्या पुस्तकात एकास तीनने भागले की ०.३३३ असा न संपणारा आवर्ती दशांश मिळतो, आणि पतसंस्थेच्या फलकावर ‘आवर्त ठेव’ असते, जिला बोलताना आपण सगळेच ‘रिकरिंग’ म्हणतो. दोन्हींत नियमितपणाचा अर्थ आहे: ठरलेल्या टप्प्याने तेच ते परत येते, आणि येणार हे आधीपासून ठाऊक असते. या मालिकेतले शत्रू डालेक, म्हणजे धातूच्या कवचातले परग्रहावरचे प्राणी, तसे येत नाहीत. टेरी नेशन यांनी लिहिलेल्या कथेत ते डिसेंबर १९६३ मध्ये प्रथम दिसले आणि तिच्या शेवटी त्यांचा वीजपुरवठाच तुटल्याने सगळे मेले, असे प्रेक्षकांना वाटले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ते लंडन काबीज करून बसलेले दिसले. १९६७ मध्ये त्यांचा कायमचा निकाल लागल्याचे उद्गार खुद्द मालिकेचा नायक डॉक्टर याच्या तोंडी घातले गेले, आणि पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, ते पुन्हा एका पूर्ण कथेचे खलनायक होऊन हजर झाले. संपला म्हणून ज्याच्या नावाने अंघोळ केली तोच दारात उभा, अशी ही तऱ्हा आहे. ‘आवर्ती शत्रू’ वाचल्यावर मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता घ्यायला येणारा डालेक माझ्या डोळ्यांपुढे आला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मराठीत यासाठी तयार शब्द आहे तो ‘हाडवैरी’. वैर हाडात मुरलेले असले की एखाद्या भेटीतल्या हारजितीने ते मिटत नाही, हे त्या शब्दातच आहे. ‘पुन्हा पुन्हा येणारा’ असे वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या भागात ‘दावा’ आणि ‘दावेदार’ हे शब्दही या अर्थाने चालत. दोन घरांत उभा दावा आहे म्हटले की पुढचे काही विचारायचे नसते. पण वर्तमानपत्रांनी ‘विजेतेपदाचा दावेदार’ इतका वापरला आहे की आज टिपणात ‘डॉक्टरचा दावेदार’ लिहिले तर डालेक निवडणुकीला उभे आहेत असे वाटेल. ‘गनीम’ हा शब्द सुचवण्याचा मोह मला झाला होता. मोगलांच्या फारसी कागदांत गनीम म्हणजे मराठे, आणि मराठीत तोच शब्द आपल्या शत्रूला लावला गेला. गनीम कोण हे लेखणी कोणाच्या हातात आहे त्यावर ठरते. तो मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून इथे नोंदवून ठेवतो; पण आजच्या वाचकाला तो शब्द ‘गनिमी कावा’ या जोडीबाहेर फारसा भेटत नाही.

कुस्तीच्या गावात राहत असल्यामुळे आणखी एक शब्द सुचवावासा वाटतो, शत्रूसाठी नव्हे तर लढतीसाठी. खासबागेच्या मैदानात कुस्ती ‘निकाली’ होते किंवा ‘बरोबरीत सोडवली’ जाते. डॉक्टर आणि डालेक यांची एकही कुस्ती निकाली झालेली नाही, असे एक वाक्य लिहिले तर कोल्हापूरकर वाचकाला सगळी मालिका कळेल. आणि मेलेला शत्रू दर वर्षी पुन्हा मारावा लागतो, ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. कोल्हासुर देवीच्या हातून मेला, मरताना नगराला आपले नाव मागून गेला, आणि तरीही नवरात्रात ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळा फोडून तो वध दर वर्षी नव्याने केला जातो. खरे तर ‘आवर्ती’ हे विशेषण कोणा शत्रूला शोभत असेल तर ते कोल्हासुराला, कारण त्याची तिथी ठरलेली आहे.

आता ‘परग्रहवासी’. शब्द चांगला घडलेला आहे, विज्ञानकथांमुळे रुळलेलाही आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांसारख्या लेखकांनी विज्ञानकथा घराघरांत नेल्यावर तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अडचण इतकीच, की तो पत्ता सांगतो, नाते सांगत नाही. ‘वासी’ म्हणजे राहणारा आणि ‘पर’ म्हणजे बोलणाऱ्याचा नव्हे तो. इंग्रजी ‘एलियन’चे मूळ लॅटिन रूपही ‘दुसऱ्याचा’ अशाच अर्थाचे आहे, पण त्यात ग्रहाचा उल्लेख नाही. तो आपण मराठीत आणताना जोडला. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. या जुन्या कथांमध्ये मात्र बिघडते, आणि लेखकांनी मुद्दामच तसे घडवले आहे.

डालेकांचीच पहिली कथा घ्या. डॉक्टर, त्याची नात सुझन आणि लंडनमधले दोन शालेय शिक्षक, इयन आणि बार्बरा, हे स्कारो नावाच्या ग्रहावर उतरतात. पहिल्या भागाच्या शेवटी बार्बरा एका धातूच्या मार्गिकेत एकटी सापडते, दरवाजे एकेक करून बंद होतात, आणि तिच्यावर चालून येणारी एकच वस्तू प्रेक्षकाला दिसते: मोरी तुंबली की आपण जो रबरी दट्ट्या आणतो तसल्या दट्ट्याचा एक हात. ती भिंतीला पाठ लावून किंचाळते आणि भाग संपतो. डालेक अख्खा दिसण्यासाठी प्रेक्षकाला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागले. रेमंड क्युसिक यांनी रेखलेल्या त्या कवचात एक माणूस बसून पायांनी ते ढकलत असे. हे माहीत असूनही तो क्षण आजही अंगावर येतो. पण शब्दाच्या अंगाने पाहिले तर इथे परग्रहवासी कोण आहे? डालेक स्कारोचेच आहेत आणि त्यांचे वैरी थाल हेही स्कारोचेच. परग्रहावरून आलेली आहे ती बार्बरा. त्या प्रसंगाच्या टिपणात ‘परग्रहवासी शत्रूने बार्बराला गाठले’ असे लिहिले तर ते पृथ्वीवर घरात बसलेल्या प्रेक्षकाच्या बाजूने बरोबर आणि कथेच्या बाजूने चूक ठरते. गनीमाची गोष्ट वर काढली ती यासाठीच. अशा जागी सरळ ‘डालेक’ लिहावे, किंवा ‘स्कारोवासी’.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. १९७० मध्ये माल्कम हल्क यांनी लिहिलेल्या कथेत सिल्युरियन नावाचे सरपटणाऱ्या वंशातले बुद्धिमान प्राणी येतात. दिसायला ते सगळ्या एलियनांसारखे एलियन, कपाळावर तिसरा डोळा असलेले. पण ते कुठल्याही ग्रहावरून आलेले नाहीत. माणूस उत्क्रांत होण्याच्या कितीतरी आधी पृथ्वी त्यांची होती, संकट येणार असे वाटून ते जमिनीखाली दीर्घ निद्रेत गेले, आणि जागे होऊन पाहतात तर घरात माकडांची औलाद नांदते आहे. त्यांना ‘परग्रहवासी’ म्हणणे ही शब्दशः चूक आहे. त्यांच्यासाठी नेमका शब्द आपल्याकडे आहे आणि तो आपण रोज राजकारणात वापरतो: ‘भूमिपुत्र’. भूमिपुत्र आणि नंतर आलेले, असा तो वाद आहे, आणि नंतर आलेले आपण आहोत. डॉक्टर दोघांना एकत्र नांदवण्याचा प्रयत्न करतो आणि शेवटी सैन्य सिल्युरियनांचा तळ स्फोटाने उडवून देते. त्या टिपणात ‘भूमिपुत्र’ हा शब्द एकदा तरी यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. त्याने मराठी वाचक त्या कथेत जेवढा खोल उतरेल तेवढा ‘पृथ्वीचे मूळ रहिवासी’ या शब्दांनी उतरणार नाही.

सायबरमनांचे प्रकरण या दोहोंच्या मधले आहे. १९६६ मधल्या त्यांच्या पहिल्या कथेत त्यांचा ग्रह मोंडास हा पृथ्वीचा जुळा ग्रह असल्याचे सांगितले आहे. ते मुळात आपल्यासारखेच होते. शरीराचा एकेक अवयव बदलून तिथे यंत्र बसवता बसवता भावनाही काढून टाकल्यामुळे ते असे झाले. परग्रहवासी हा शब्द इथे पत्त्यापुरता खरा आहे. पण जुळ्याशी असलेल्या वैराला मराठीत वैर म्हणत नाहीत, भाऊबंदकी म्हणतात. सातारा आणि करवीर या दोन गाद्यांचा वाद १७३१ च्या वारणेच्या तहाने मिटवलेल्या मुलखात हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि ज्याच्या नावाची मालिका, त्याचे काय? डॉक्टर स्वतः पृथ्वीवरचा नाही. त्याच्या ग्रहाचे गॅलिफ्रे हे नाव १९७३ मध्ये प्रथम उच्चारले गेले, पण तो इथला नव्हे हे पहिल्या भागापासून स्पष्ट आहे. म्हणजे सर्वत्र ‘परग्रहवासी’ लिहायचे ठरवले तर नायकही परग्रहवासी, शत्रूही परग्रहवासी, आणि ‘परग्रहवाशाने परग्रहवाशांना हरवले’ अशी वाक्ये तयार होतील. डॉक्टरला कोणी ‘परग्रहवासी’ म्हणत नाही याचे कारण तो आपल्या बाजूचा आहे. यावरून दिसते, की व्यवहारात आपण या शब्दात ‘परका’ हा अर्थ गृहीत धरतो. तो अर्थ हवा असेल तिथे ‘परका’ किंवा ‘परकीय’ हेच लिहावे. ‘उपरा’ हा शब्द मी टाळीन. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या आत्मकथनाचे ते शीर्षक झाल्यापासून त्या शब्दाला भटक्या समाजाच्या दुःखाचे वजन आले आहे, आणि रबरी दट्ट्यावाल्या खलनायकासाठी ते खर्च करू नये. ‘परग्रहस्थ’ असाही एक प्रयोग कुठेकुठे दिसतो. तो घाईत वाचला की ‘परगृहस्थ’ वाटतो, म्हणजे दुसऱ्याच्या घरात येऊन बसलेला. सिल्युरियनांच्या दृष्टीने माणसाला तो चपखल बसेल, पण हा योगायोग झाला.

यावर कोल्हापूरचे स्वतःचे एक उत्तर आहे, ते मला एका रविवारी ऐकायला मिळाले. आमच्याकडे १९६४ ची ती लंडनवरच्या आक्रमणाची कथा लावली होती. थेम्स नदीच्या पाण्यातून डालेक वर येतो तो प्रसंग आला, तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले आमचे शेजारी, ज्यांनी आधीची कथा अर्धीमुर्धी पाहिली होती, ते म्हणाले, “ह्ये पावणं परत आलं व्हय? गेल्या खेपेला मेलं न्हवतं का सगळं?” अनोळखी माणसाला ‘पावणं’ म्हणण्याची इथली रीत आहे, “काय पावणं, कुठलं म्हणायचं?” हा प्रश्न बसथांब्यावर कोणालाही विचारला जातो. त्या शब्दात समोरचा इथला नाही हेही येते, त्याचा ग्रह कोणता याची पंचाईतही नाही, आणि तो चांगला की वाईट हे अजून ठरलेले नाही हेही त्यात येते. ‘एलियन’ या शब्दाच्या मूळ अर्थाच्या इतका जवळ जाणारा मराठी शब्द मला दुसरा सापडलेला नाही. औपचारिक टिपणात तो चालणार नाही, हे मान्य; पण संवादाचे भाषांतर करायचे असेल आणि बोलणारे पात्र खेड्यातले असेल, तर तो जरूर वापरावा.

प्रश्नात विचारलेल्या नसल्या तरी टिपणे लिहिताना अडवतील अशा दोन बाबी. ‘सायबरमॅन’चे अनेकवचन ‘सायबरमेन’ करू नये. आपण ‘दोन पोस्टमन आले’ म्हणतो, ‘पोस्टमेन’ म्हणत नाही. तसेच ‘सायबरमन आले’, ‘सायबरमनांनी तळ घेतला’. ‘डालेक’ हा ‘सैनिक’सारखा चालवावा: एक डालेक, अनेक डालेक, डालेकाने, डालेकांनी. आणि डालेकांची ती कर्कश, एकसुरी, अक्षर तोडून उच्चारलेली ‘एक्सटर्मिनेट’ ही आज्ञा मराठीत आणायची तर ‘नष्ट करा’ फार कार्यालयीन वाटते. जुन्या नोंदवह्या नष्ट करण्याचा आदेश निघाल्यासारखे. ‘निर्दाळा’ लिहून पाहावे. क्रियापद जुने, संतांच्या वाणीतले आहे, तिथे निर्दळण कंटकांचे व्हायचे; इथे कंटकच ते दुसऱ्यांचे करायला निघाले आहेत. शिवाय नि-र्दा-ळा असे तीन तुकडे करून पत्र्याच्या आवाजात म्हटले, तर ‘डालेक’ या नावातल्या ‘डाल’चा भास त्यात होतो. आमच्या शेजाऱ्यांना मी ते म्हणून दाखवले. ते म्हणाले, “आता घाबरायला झालं.”