गुलमोहराची मुळं पेव्हर ब्लॉक का उचलतात?

प्रश्न: ताई, आमच्या पुण्याच्या सोसायटीत पार्किंगजवळ जुना गुलमोहर आहे, त्याच्या मुळांनी पेव्हर ब्लॉक वर आलेत आणि ड्रेनेजपण दोनदा तुंबलं. कमिटी म्हणते मुळं तोडून टाकू. तोडली तर चालतील का?

उत्तर: नका हो तोडू! आपल्याला वाटतं झाड जेवढं वर तेवढंच खाली असतं, पण तसं नसतं, बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फुटांतच आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही खूप बाहेर जातात, कारण मुळांना पाण्याइतकीच हवा लागते आणि रोलर फिरवून दाबलेल्या मातीत ती मिळत नाही. मग ब्लॉकखालच्या सैल रेतीत ओल आणि हवा दोन्ही सापडते, तिथे केसासारखं मूळ शिरतं, वर्षानुवर्षं जाड होत जातं आणि ब्लॉक उचलतं. ड्रेनेजचंही तसंच, धड पाइप मूळ सहसा फोडत नाही, जिथे सांधा आधीच गळतोय तिथे ते आत घुसतं. म्हणून आधी सांधा दुरुस्त करा.

गुलमोहराची मुळं मुळातच उथळ, एका बाजूची जाड मुळं कापली की पहिल्याच वादळी पावसात झाड गाड्यांवर पडू शकतं. खोडाभोवती निदान मीटरभर ब्लॉक काढून माती मोकळी करा, दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) २०१३ मध्ये हेच करायला सांगितलं होतं. आणि झाड तोडायचं असेल तर महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते, हे कमिटीला आवर्जून सांगा.