बाल्साच्या विमानासाठी रंग आणि फिनिश निवडताना

बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाच्या, ग्लो इंजिनवर (मिथेनॉलयुक्त इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनवर) उडणाऱ्या मॉडेल विमानाला कोणता रंग आणि कोणते फिनिश द्यावे, व बेळगावच्या पावसाळ्यात हे काम करता येईल का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की, रंगछटेचा विचार करण्याआधी सर्वांत वरचा थर कोणता राहील हे ठरवावे. ग्लो इंधनातील मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन साध्या ॲक्रिलिक रंगाला व नायट्रेट डोपला (पंखांचे कागदी आवरण ताणून बसवणाऱ्या, झटपट वाळणाऱ्या लॅकरला) मऊ करून उखडतात, त्यामुळे शेवटी दोन घटकांच्या पॉलियुरेथेन क्लिअरचा, म्हणजे पारदर्शक लेपाचा, पातळ थर द्यावा. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे थर कडक करणाऱ्या दुसऱ्या घटकात, फुफ्फुसांना घातक असे आयसोसायनेट असते. योग्य श्वसनमास्क नसल्यास ते फवारू नये. विमान विजेच्या मोटरवर उडणार असते, तर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक पुरेसे झाले असते.

लाकडाची छिद्रे बुजवण्यासाठी सुतार वापरतात तो एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) सँडिंग सीलर हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो. मी त्यात थोडी टाल्कम पावडर मिसळून पहिला हात देतो. तो वाळला की 320 नंबरच्या पॉलिश पेपरने इतका घासतो की बहुतेक सीलर भुकटी होऊन निघून जातो आणि केवळ छिद्रांत उरतो. हे घासणे कंटाळवाणे असले तरी टाळू नये, कारण विमानाचे वजन इथेच वाढते किंवा वाचते. शेपटी गुरुत्वमध्यापासून नाकाच्या तिप्पट अंतरावर असेल, तर शेपटीवर चढलेल्या 5 ग्रॅम रंगासाठी नाकात 15 ग्रॅम शिसे घालावे लागते. पंखांना टिश्यू (पातळ कागद) लावून डोप देणार असाल, तर डोपमध्ये एरंडेल तेलाचे मोजके थेंब घालावेत, म्हणजे तो फार आकसून पंख पिळवटत नाही.

आता पावसाळ्याविषयी. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि लॅकर पांढुरका पडतो. आपण बेळगाव जिल्ह्यातील खानापूर किंवा कणकुंबी या भरपूर पावसाच्या बाजूला राहत असाल, तर जून ते सप्टेंबर डोप व लॅकरचे काम शक्यतो पुढे ढकलावे. जिल्ह्याच्या कमी पावसाच्या अथणीकडे मात्र कोरडे दिवस बऱ्यापैकी मिळतात. थांबणे शक्यच नसेल, तर सावकाश उडणारे थिनर, म्हणजे रिटार्डर, वापरावे आणि पाऊस उघडलेल्या दुपारी पातळ हात द्यावेत. एनॅमलवर (तैलरंगावर) लॅकर मात्र कधीही मारू नये, खालचा थर सुरकुततो.

छटेबाबत एवढेच सांगेन की, ढगाळ आकाशात पांढरा व चंदेरी रंग हरवतो आणि विमान सुलटे आहे की उलटे हे क्षणभर समजत नाही. वरची बाजू पिवळी किंवा नारिंगी ठेवून पंखांच्या खाली काळे वा गडद निळे रुंद पट्टे द्यावेत. सर्व थर आधी बाल्साच्या एका तुकड्यावर त्याच क्रमाने द्यावेत, पूर्ण वाळू द्यावेत, त्यावर इंधनाचा थेंब काही वेळ ठेवून पुसून पाहावा आणि रंग कपड्याला लागला नाही तरच विमानाला हात लावावा.