मस्टँग खाली घ्यायची, पण खिसा सांभाळून

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे 1966 ची फोर्ड मस्टँग आहे, 289 व्ही-8 इंजिनची. तिची बॉडी जमिनीकडे दीडेक इंच खाली घ्यायची आहे. मित्र म्हणतो, आहे तीच स्प्रिंग फुकट कापून देतो. गाडी एक इंच खाली आणणाऱ्या स्प्रिंगा, मागचे नवे पाटे आणि चार शॉकअप घेतले तर 1,100 डॉलर. गॅरेजवाला कॉइलओव्हर (शॉकअपवरच चढवलेली, उंची बदलता येणारी स्प्रिंग) बसवून 4,800 मागतो. ते 24 टक्क्यांच्या क्रेडिट कार्डावर घेऊन दोन वर्षांत फेडेन म्हणतो. गाडीसाठी बाजूला काढलेले 2,000 आहेत. काय करू?

उत्तर: आधी कार्डाचा विषय संपवू. 4,800 चे 24 हप्ते, महिना सुमारे 254 डॉलर, म्हणजे व्याजच 1,290 च्या घरात. तुमच्या मधल्या पर्यायाचं सगळं सामान त्याहून स्वस्त आहे! कॉइलओव्हर उत्तमच, पण ते ट्रॅकवर जाणाऱ्याला. तुम्ही रविवारी मुलांना घेऊन ओक ट्री रोडवर डोसा खायला जाणार.

फुकटचं कापणं मात्र सगळ्यांत महाग पडू शकतं. या गाडीची पुढची स्प्रिंग वरच्या कंट्रोल आर्मवर, म्हणजे चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्यावर बसते, चाकापासून बरीच आत. त्यामुळे स्प्रिंग अर्धा इंच कमी झाली की चाकापाशी गाडी जवळजवळ इंचभर बसते. हात थोडा चुकला की संपलं. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते. त्यात मित्राने गॅसकटर लावला तर पोलादाचं पाणीच उतरतं. कापलेलं परत जोडता येत नाही, आणि जुन्या गाडीचा गिऱ्हाईक खाली वाकून हेच बघतो.

म्हणून मधला पर्याय. कॅटलॉगात 560, 620 असे आकडे दिसतील. स्प्रिंग एक इंच दाबायला तितके पौंड लागतात. मोठा आकडा म्हणजे जास्त कडक स्प्रिंग, चांगला माल असं नाही. खड्ड्यांचे रस्ते आणि मागे बसलेली मुलं बघता मी लहान आकडा घेईन.

उरलेले 900 मजुरी आणि व्हील अलाइनमेंटला ठेवा, अंदाज लेखी घ्या. स्प्रिंग दाबून धरणारा कंप्रेसर भाड्याने आणून स्वतः स्प्रिंग काढायच्या भानगडीत पडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर दवाखान्याचं बिल गाडीपेक्षा मोठं येईल.

आणखी एक जुनी युक्ती आहे: वरचा कंट्रोल आर्म बॉडीला जिथे बोल्टने बसतो, ती भोकं इंचभर खाली नवी पाडायची. गाडी साधारण पाऊण इंचाला थोडी कमी बसते आणि वळणावर चाक रस्ता नीट धरतं. 1965 च्या शेल्बी जीटी350 ला, म्हणजे शेल्बी कंपनीने मस्टँगवरूनच बनवलेल्या वेगवान गाडीला, हे होतं. 1966 मध्ये खर्च वाचवायला त्यांनीच ते बंद केलं. जुनी भोकं तशीच राहतात, म्हणजे परतीची वाट उघडी. पण हे नव्या स्प्रिंगांच्या जोडीला एकदम करू नका, टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) घासू शकतो. आधी स्प्रिंगा बसवा, महिनाभर चालवा.

ऑर्डर द्यायच्या आधी टेप घेऊन चारही फेंडर जमिनीपासून मोजा. साठेक वर्षांचे पाटे मागे आधीच बसलेले असतील, तर गाडी इंचभर खाली आणणारे नवे पाटे टाकूनही गाडी मागून उलट वरच जाईल! मग आधी पाटेच बदला, पुढचं नंतर बघू. जुन्या स्प्रिंगा फेकू नका, चिठ्ठी बांधून गॅरेजात ठेवा. आणि विमा ठरलेल्या किमतीचा असेल तर बदल कंपनीला कळवून पावत्या जपा.