वाचक विचारतात : अमेरिकेतले बोस्नियन

गेल्या अंकात अमेरिकेत स्थायिक झालेल्या बोस्नियन लोकांवर छोटा लेख होता. सेंट लुईस शहरातली त्यांची वस्ती आणि काही नामवंत नावे त्यात आली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची फक्त गावे छापली आहेत.

नागपूर : बोस्नियन म्हणजे मुसलमान, असेच ना? मग अभिनेत्री इवाना मिलिचेविच हिला एका यादीत बोस्नियन म्हटले आहे आणि दुसऱ्या यादीत क्रोएशियन. खरे काय?

दोन्ही याद्या बरोबर आहेत. गोंधळ शब्दांचा आहे. ‘बोस्नियन’ (त्यांच्या भाषेत ‘बोसानाट्स’) म्हणजे बोस्निया-हर्झेगोविना या देशाचा माणूस. ‘बोश्नियाक’ हे तिथल्या एका समाजाचे नाव, आणि हा समाज परंपरेने मुस्लिम. २०१३च्या जनगणनेत ५०.१ टक्के लोकांनी स्वतःला बोश्नियाक म्हटले, ३०.८ टक्क्यांनी सर्ब आणि १५.४ टक्क्यांनी क्रोएट. सर्ब बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, क्रोएट बहुतांशी कॅथलिक. राजधानी साराएवोत शतकानुशतके राहिलेली ज्यू वस्तीही आहे.

इवाना आणि ‘थर्टी सेकंड्स टू मार्स’ बँडचा गिटारवादक राहिलेला तिचा भाऊ टोमो हे दोघे साराएवोत जन्मले, क्रोएट कुटुंबातले आणि मिशिगनमध्ये वाढलेले. जन्मगाव पाहून यादी केली की ते बोस्नियन, वंश पाहून केली की क्रोएट. म्हणून कोणतीही यादी वाचताना ती जन्मस्थानाची आहे, समाजाची आहे की नागरिकत्वाची, हे आधी पाहावे.

जुन्या कागदपत्रांत हा घोळ आणखी वाढतो. १८७८ पासून बोस्निया ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात होता, त्यामुळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या माणसाच्या नावापुढे ‘ऑस्ट्रिया’ लिहिलेले सापडते. नंतरच्या पिढीच्या नावापुढे ‘युगोस्लाव्हिया’ असते. ‘बोस्निया’ हा शब्द शोधून ही माणसे हाती लागत नाहीत.

पुणे : मुलगा सेंट लुईसला नोकरीला आहे. तो म्हणतो, शहराच्या दक्षिण भागात पाट्यासुद्धा बोस्नियन भाषेत होत्या. न्यूयॉर्क, शिकागो सोडून ही माणसे तिथेच का गेली?

आधी शिकागोचे सांगायला हवे, कारण सुरुवात तिथून आहे. पहिल्या महायुद्धाआधी हर्झेगोविनातून आलेले तरुण तिथे मजुरीला लागले. शहराच्या भुयारी रेल्वेचे बोगदे खणणाऱ्यांतही बोस्नियन होते. काही जण माँटॅनातल्या ब्यूट गावी तांब्याच्या खाणींत गेले. १९०६ मध्ये शिकागोत त्यांनी ‘जेमियेतुल हायरिये’ ही संस्था काढली. सभासदांनी वर्गणी भरायची आणि त्यातून आजारपणाचा व दफनाचा खर्च भागवायचा, अशी ती व्यवस्था. अमेरिकेतल्या सर्वात जुन्या मुस्लिम संस्थांमध्ये तिची गणना होते. ‘हायरिये’मधला ‘हायर’ म्हणजे आपल्या ‘खैरात’मधला ‘खैर’.

सेंट लुईसची गोष्ट मात्र युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात झालेल्या १९९२ ते १९९५ च्या युद्धानंतरची. युद्धामुळे अमेरिकेने घेतलेले बोस्नियन निर्वासित सुमारे १ लाख ३० हजार. निर्वासिताने कुठे उतरायचे हे बहुतेकदा पुनर्वसन संस्था ठरवते. नातेवाईक असेल तर त्याच्या गावी, नसेल तर जिथे घर आणि काम मिळेल तिथे. सेंट लुईसमध्ये दोन्ही होते. १९५० मध्ये साडेआठ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या १९९० पर्यंत चार लाखांच्या खाली आली होती. बेव्हो मिल या भागात विटांची पक्की, जुनी घरे स्वस्तात पडून होती. तिथल्या ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट’ या पुनर्वसन संस्थेने १९९३ पासून कुटुंबे उतरवायला सुरुवात केली. कारखान्यांत इंग्रजी न येणाऱ्याला चालेल असे काम होते. मग इतर शहरांत उतरलेली कुटुंबेही चुलत-मावस भावंडांच्या मागून इथे आली. संख्या खरी वाढली ती या दुसऱ्या फेरीत. आकडा ५० ते ७० हजार असा सांगितला जातो. जनगणनेत तो पुष्कळ कमी दिसतो, कारण वंशाचा रकाना ज्याचा त्याने भरायचा असतो.

बरीच कुटुंबे थेट बोस्नियातून आलेली नाहीत, जर्मनीमार्गे आली आहेत. जर्मनीने त्यांना तात्पुरता आसरा दिला होता आणि युद्ध संपल्यावर परत जायला सांगितले. ज्यांचे गाव आता सर्बांच्या ताब्यातल्या भागात होते त्यांना परतायला घरच उरले नव्हते. अशा कुटुंबांनी १९९७ नंतर अमेरिकेचा अर्ज केला. म्हणून तिशी-चाळिशीतले पुष्कळ बोस्नियन अमेरिकन जर्मनही बोलतात.

आपल्याकडच्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या) कुटुंबांशी तुलना करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. निर्वासिताला पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी असते, वर्षभराने तो ग्रीन कार्डासाठी अर्ज करतो आणि पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी. पण विमानाचे भाडे त्याला बिनव्याजी कर्ज म्हणून दिलेले असते आणि ते हप्त्याने फेडावे लागते. पाच जणांचे कुटुंब उतरते तेच पाच तिकिटांचे कर्ज डोक्यावर घेऊन. इंजिनिअर, शिक्षक असलेल्या माणसांनी कारखान्यात पहिली पाळी धरली ती याच घाईने. पदवीची कागदपत्रे जळाली किंवा मागे राहिली, हेही मोठे कारण होते.

मुलगा म्हणतो त्या पाट्या आता कमी झाल्या आहेत. हातात पैसा आल्यावर कुटुंबे ॲफ्टन, मेलव्हिल, ओकव्हिल अशा दक्षिण उपनगरांत गेली. बेव्होमध्ये मात्र ‘सेबिल’ पाहून यावे. साराएवोच्या बाश्चार्शिया चौकात लाकडी जाळ्यांची, घुमटाकार छताची पाणपोई आहे, तिची ही प्रतिकृती. समाजाने ती २०१३ मध्ये बांधली.

कोल्हापूर : आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल आहे, म्हणून विचारतो. एस्मिर बायराक्तारेविच अमेरिकेकडून खेळला आणि मग बोस्नियाकडून. हे चालते कसे?

चालते, कारण अमेरिकेकडून तो फक्त एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता, जानेवारी २०२४ मध्ये. फिफाच्या नियमात मैत्रीपूर्ण सामना खेळाडूला बांधून ठेवत नाही. विश्वचषक पात्रता किंवा खंडीय स्पर्धेचा अधिकृत सामना खेळला की गाठ पक्की होते. ती सोडवायच्या अटी बऱ्याच कडक आहेत. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व हातात असणे ही मूळ अट. एस्मिरचा जन्म २००५ चा, विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटनचा, आणि कुटुंब मूळचे स्रेब्रेनित्साचे. आईवडिलांकडून नागरिकत्व मिळण्याची सोय बोस्नियाच्या कायद्यात आहे. भारतीय वंशाच्या परदेशी खेळाडूला भारताकडून खेळता येत नाही ते इथेच अडते: आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे.

या खेळातले मोठे नाव मात्र वेदाद इबिशेविच. १९८४ मध्ये व्लासेनित्सात जन्म, कुटुंबासोबत आधी स्वित्झर्लंड, मग सेंट लुईस. तिथल्या रूझवेल्ट हायस्कूलकडून आणि सेंट लुईस विद्यापीठाकडून तो खेळला. २००४ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने त्याला उचलले. २००८ च्या हंगामात जर्मनीत हॉफेनहाइमकडून पहिल्या १७ सामन्यांत १८ गोल, आणि जानेवारीत गुडघ्याचा अस्थिबंध तुटून हंगाम संपला. ऑक्टोबर २०१३ मध्ये लिथुआनियाविरुद्ध त्याच्या एकमेव गोलाने बोस्निया प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरला. १५ जून २०१४ रोजी माराकाना मैदानावर अर्जेंटिनाविरुद्ध बोस्नियाचा विश्वचषकातला पहिला गोलही त्याचाच. सामना २–१ असा हरला, तरी तो गोल सेंट लुईसच्या पोरांना आजही आपला वाटतो आणि तसा तो आहेच.

बास्केटबॉलमध्ये लुका गार्झा. जन्म वॉशिंग्टनचा, आई बोस्नियन, आयोवा विद्यापीठाचा खेळाडू आणि २०२१ मध्ये कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वोत्तम. तोही बोस्नियाकडून खेळतो.

मुंबई : मी मुद्रितशोधक आहे. ही नावे देवनागरीत कशी लिहावीत? वर्तमानपत्रांत ‘साराजेव्हो’ दिसते, तुम्ही ‘साराएवो’ लिहिता.

या प्रश्नाबद्दल तुमचे मनापासून आभार. बोस्नियन लिपी रोमन असली तरी अक्षरांचे उच्चार इंग्रजी नाहीत. ‘जे’ अक्षराचा उच्चार नेहमी ‘य’, म्हणून ‘युसुफ’, आणि गावाचे नाव ‘सारायेवो’ किंवा ‘साराएवो’. ‘साराजेव्हो’ हा इंग्रजी डोळ्याने वाचलेला शब्द आहे.

‘सी’ अक्षरावर काही चिन्ह नसेल तर उच्चार ‘त्स’, म्हणजे आपल्या ‘चोर’मधला च. त्यावर छोटी खूण असेल तर ‘चित्र’मधला च. मराठीला हे दोन्ही च जन्मतः ठाऊक आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचकापेक्षा आपल्याला ही नावे सोपी जातात. छापताना मात्र दोन्ही ‘च’ सारखेच दिसतात, म्हणून पहिल्यासाठी ‘त्स’ लिहावे: व्लासेनित्सा, कामेनित्सा. ‘एस’वर खूण असेल तर ‘श’. ‘झेड’वर खूण असेल तर ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा घर्षक उच्चार, त्याला मराठीत अक्षर नाही, ‘झ’वर भागवावे. ‘डी’ला आडवी रेघ असेल तर ‘ज’.

चूक कुठे होते? अमेरिकन संगणकात या खुणा गळतात. ‘हाजिच’चे स्पेलिंग खुणा गळल्यावर इंग्रजी वाचक ‘हॅडझिक’ असे वाचतो, आणि आपण तेच देवनागरीत उतरवतो. शेवटी ‘आय-सी’ दिसले की बोस्नियन नावात ‘इच’ लिहावे. पण माणूस स्वतः अमेरिकेत वेगळा उच्चार करत असेल तर त्याचा उच्चार प्रमाण मानावा. नाव त्याचे आहे.

अर्थ कळला की नाव लक्षात राहते. ‘इच’ म्हणजे ‘चा मुलगा, चा वंशज’. हाजिच हा हाजीचा, इमामोविच इमामाचा, कोवाचेविच लोहाराचा. तेर्झिच हा शिंप्याचा. मूळ फारसी ‘दर्जी’, आपल्याकडे आला तोच. आणि वरचा बायराक्तारेविच म्हणजे निशाण धरणाऱ्याचा वंशज; ‘बायराक्तार’मधला ‘तार’ हा आपल्या ‘सुभेदार’, ‘जमादार’मधला ‘दार’. तुर्की अमलातून बोस्नियनमध्ये गेलेले आणि फारसीतून मराठीत आलेले असे पुष्कळ शब्द जुळतात: दुकानाला ‘दुचान’, मैदानाला ‘मेय्दान’, बक्षिसाला ‘बाक्शिश’, शत्रूला ‘दुश्मान’.

नाशिक : खेळाडू सोडून आणखी कोण?

थोडक्यात. अलेक्सांदर हेमोन: १९६४ चा जन्म, १९९२ च्या सुरुवातीला पत्रकार म्हणून शिकागोत आले, परतायच्या सुमारास साराएवोला वेढा पडला. लिहिण्याइतके इंग्रजी त्यांनी तिथे राहून कमावले. २००० मध्ये पहिला इंग्रजी कथासंग्रह आला आणि २००४ मध्ये मॅकार्थर पाठ्यवृत्ती मिळाली. अर्थशास्त्रात एमिर कामेनित्सा, शिकागो विद्यापीठ. माहिती कशी मांडली तर ऐकणाऱ्याचा निर्णय बदलतो, यावरचा मॅथ्यू जेंट्झकाऊ यांच्याबरोबरचा त्यांचा २०११ चा निबंध या विषयात पायाभूत मानला जातो. राजकारणात आनेसा कायताझोविच, २०१० मध्ये आयोवाच्या विधानसभेवर वॉटर्लू गावातून निवडून आल्या, वय २४. वॉटर्लूतल्या मांसप्रक्रिया कारखान्यात बोस्नियन कामगार मोठ्या संख्येने आले होते, हे ठाऊक असले की त्या तिथूनच का निवडून आल्या हे कळते. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावातही मोठी वस्ती आहे; नगरपालिकेशेजारचे रिकामे पडलेले मेथडिस्ट चर्च विकत घेऊन त्यांनी त्याची मशीद केली.

सेंट लुईस : शेजारच्या बोस्नियन मावशींनी बटाट्याचा गोल पदार्थ दिला, अप्रतिम होता. आम्ही शाकाहारी आहोत. कृती द्याल का? आणि त्यांच्याकडे कॉफीला जाताना काय सांभाळावे?

तो ‘क्रोंपिरुशा’. आधी सावधगिरीचे: बोस्नियन माणसाच्या तोंडी ‘बुरेक’ म्हणजे फक्त मांसाचा. चीजचा तो सिर्नित्सा, पालकाचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोंपिरुशा. सगळ्यांचे एकत्र नाव ‘पिता’. दुकानात नुसते ‘बुरेक’ म्हणालात तर खिम्याचा मिळेल. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करावेत.

मैदा ५०० ग्रॅम (तिथले ब्रेड फ्लोअर उत्तम), मीठ १ चमचा, तेल २ मोठे चमचे, कोमट पाणी सुमारे ३०० मिली. दहा-बारा मिनिटे मळून कानाच्या पाळीइतके मऊ करावे. दोन गोळे करून तेलात घोळवून, झाकून ४५ मिनिटे ठेवावेत. हा वेळ वाचवू नये. कणीक फाटते ती नव्वद टक्के वेळा न मुरल्यामुळे. टेबलावर सुती चादर पसरावी. गोळा लाटण्याने जेवणाच्या मोठ्या ताटाएवढा लाटून, वर तेल लावून पुन्हा १० मिनिटे ठेवावा. मग अंगठ्या, बांगड्या काढून दोन्ही हातांच्या पालथ्या बाजू खाली घालाव्यात आणि मधून कडेकडे ओढत न्यावे. खालच्या चादरीची नक्षी दिसू लागली की पुरे. कडेचा जाड काठ कापून टाकावा, नाहीतर तो भाजल्यावर चिवट लागतो. पंखा बंद ठेवावा. पापुद्रा वाळला की गुंडाळताना तडकतो.

सारण: ८०० ग्रॅम कच्च्या बटाट्याचे अर्ध्या सेंटीमीटरचे तुकडे, दोन बारीक चिरलेले कांदे, मिरपूड १ चमचा, तेल ३ चमचे. मीठ (दीड चमचा) भरण्याच्या क्षणीच घालावे, आधी घातले तर बटाट्याला पाणी सुटून पापुद्रा भिजतो. तुकडे मोठे राहिले तर वरून लाल आणि आतून कच्चे होते. कडेला सारणाची ओळ घालून सुरळी करावी, तेल लावलेल्या तव्यात चकलीसारखी गुंडाळावी. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर ४० ते ४५ मिनिटे. शेवटच्या पाच मिनिटांत १०० मिली गरम पाण्यात चमचाभर लोणी घालून वर शिंपडावे, आणि बाहेर काढल्यावर १० मिनिटे फडक्याने झाकावे. सोबत पातळ दही.

कॉफीला जाताना चपला, बूट दारातच काढावेत. कॉफी ‘जेझ्वा’ या लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात येते. तुर्की पद्धतीत पूड आणि थंड पाणी एकत्र चढवतात. इथे उकळते पाणी पुडीवर ओततात आणि फेस वर येईपर्यंत पुन्हा आचेवर धरतात. फेस चमच्याने कपात घ्यावा, मग कॉफी ओतावी. साखरेचा खडा कॉफीत बुडवून चावावा आणि वर घोट घ्यावा. तळाचा गाळ ढवळू नये, पिऊ नये.

युद्धाबद्दल आपण होऊन विचारू नये, त्या बोलल्या तर ऐकावे. ११ जुलैला छातीवर पांढऱ्या पाकळ्यांचे, हिरव्या मध्याचे विणलेले फूल दिसले तर ते १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात मारल्या गेलेल्या आठ हजारांहून अधिक पुरुषांचे आणि मुलग्यांचे स्मरण आहे. त्या दिवशी फराळाचे ताट घेऊन जायचे असेल तर आधी फोन करावा. पुष्कळ घरे स्मरणसभेला गेलेली असतात.