माळ्यावरची पिशवी खाली काढा

पत्र : "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती आठ महिन्यांची असताना आम्ही तिला दत्तक घेतलं. रोज झोपताना मी तिला तिची गोष्ट सांगते : देवबाप्पाने तुला आमच्यासाठी निवडून ठेवलं होतं, मग आई-बाबा गाडी घेऊन गेले आणि तुला घरी आणलं. कृष्ण-यशोदेची गोष्टही सांगते. सगळं छान चाललं होतं. पण मागच्या महिन्यात सासूबाई शेजारच्या काकूंना तिच्यादेखत म्हणाल्या, 'ही दत्तक घेतलेली.' तेव्हापासून ती रोज 'त्याच्या आधीचं सांग' म्हणून मागे लागते. मी विषय बदलते. संस्थेतून ती ज्या झबल्यात आली, ते खांद्याला दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याचे टाके असलेलं झबलंही मी पिशवीत घालून माळ्यावर टाकलंय, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. सासूबाईंना कसं समजवायचं? आणि दत्तक म्हणजे काय ते लहान मुलांना कळेल अशी एखादी सुंदर गोष्ट सुचवाल का?"
– एक आई, नाशिक

ताई,

सासूबाईंना समजवण्यासारखं काही नाही. त्या खरं तेच बोलल्या. तुमच्या घरात तो शब्द आधीपासून मोकळेपणाने वापरात असता, तर पोरीने तो ऐकून सोडून दिला असता.

मला बोलायचंय ते त्या झबल्याबद्दल. तुम्ही एका वाक्यात ते उरकलंत. पण टाके दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचे आहेत, हे तुमच्या लक्षात आहे. म्हणजे तुम्ही ते हातात घेऊन नीट पाहिलंय.

ते टाके कोणी घातले? आठ-दहा तान्ही बाळं एकाच खोलीत, कुणी रडतंय, कुणाची दुपटी बदलायचीत, आणि त्या गडबडीत संस्थेतली एक मावशी सुई-दोरा घेऊन बसली. हाताशी मिळाला तो दोरा ओवला. फाटकं झबलं टाकूनही देता आलं असतं. तिने ते शिवलं आणि तुमच्या मुलीच्या अंगात घातलं. तुमची लेक जिची वाट पाहतेय ती गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती माळ्यावर टाकलीत.

आठ महिने थोडे नव्हेत. त्या आठ महिन्यांत ती उपडी झाली, बसायला लागली. तिचं उष्टावण तुमच्या घरी झालं नाही. पहिला मऊ भात दुसऱ्या कुणाच्या तरी बोटावरून तिने चाखला. हे लिहिताना मला कळतंय की तुम्हाला हे टोचणार. तुम्ही तिथे नव्हता, हेच तुमचं दुखणं आहे आणि म्हणून तुमची गोष्ट गाडीपासून सुरू होते. पण मुलीला काय ऐकू येतं? गाडीच्या आधी असं काहीतरी आहे की आई विषय बदलते. सहा वर्षांचं मूल अशा वेळी स्वतःलाच दोष देतं. नक्की मीच काहीतरी वाईट केलं असणार, असं त्याला वाटतं.

यशोदेची गोष्ट तूर्त बाजूला ठेवा. मुलीच्या कानांनी ऐकून पाहा : कृष्ण मोठा होतो, मथुरेला जातो आणि गोकुळात राहायला परत येत नाही. हे झोपताना सांगायचं?

"देवाने निवडलं" हेही सोडा. मोबाईलवर निरोप आला, दत्तकविधानाच्या सरकारी पोर्टलवर तिचा फोटो पाहिला आणि होकार कळवायला हातात ४८ तास होते. ते तास तुम्ही कसे काढलेत? कोण रडलं, आधी फोन कुणाला केलात? हे तिला सांगा. देवापेक्षा तिला आई-बाबांची ती रात्र ऐकायला जास्त आवडेल.

आणि जन्म देणारीबद्दल विचारलं, तर एवढंच : "तू एका बाईच्या पोटी जन्मलीस. तिला तुला सांभाळता आलं नाही. का, ते मला माहीत नाही." ती गरीब होती, तिचं तुझ्यावर खूप प्रेम होतं, असलं काही पदरचं घालू नका. तुमच्याकडच्या कागदांत बाल अभ्यास अहवाल, म्हणजे संस्थेने तिच्याबद्दल लिहून दिलेली माहिती, असेल. तो आज तुम्ही परत वाचा, जपून ठेवा. अठरा वर्षांची झाली की आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी तिला स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी तुमच्यासोबत. तेव्हा तिने तुमच्या गोष्टीत खोट काढू नये.

भाऊबंद, शेजारी बोलतच राहणार. जोतीराव फुले २८ नोव्हेंबर १८९० ला गेले, तेव्हा दत्तक मुलगा यशवंतने टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं, धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाई वाद घालत बसल्या नाहीत. टिटवं स्वतः हातात घेतलं आणि पुढे चालू लागल्या. यशवंत काशीबाई नावाच्या विधवेच्या पोटचा, हे त्या दोघांनी कधी लपवलं नव्हतं.

म्हणून माझ्याकडे सुंदर गोष्ट मागू नका. येत्या रविवारी स्टूल लावा, पिशवी खाली काढा, तिच्यासमोर काढा. आधी धुऊ नका, इस्त्री करू नका. झबलं तिच्या हातात द्या, टाक्यांवरून बोट फिरवू द्या आणि म्हणा, "तुला आम्ही भेटायच्या आधी हे एका मावशीने तुझ्यासाठी शिवलं." पुढचं ती विचारेल. जे माहीत नसेल, तिथे माहीत नाही म्हणा. संस्थेत फोन करून त्या वेळच्या मावशी अजून आहेत का, तेही विचारा. असतील तर तिला घेऊन जा. पिशवी पुन्हा माळ्यावर जाऊ देऊ नका. तिच्या कपाटातल्या खालच्या कप्प्यात ठेवा, तिचा हात पोचेल तिथे.

सासूबाईंनाही शेजारी बसवा. जुने टाके त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ओळखता येत असतील.

दोरा कुठल्या रंगाचा आहे, ते तुम्ही लिहिलं नाहीत. तिला विचारून मला कळवा.