आधी बोट शीक, मग मोटर

प्रश्न : मी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. जुन्या बोटींमधलं डिझेल इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवण्याच्या कामात मला करिअर करायचं आहे. बाबा म्हणतात, हे चार दिवसांचं फॅड आहे. यासाठी नेव्हल आर्किटेक्चरची, म्हणजे जहाजं-बोटींच्या रचनेची, पदवी लागते का, की ईव्हीचा छोटा कोर्स पुरेल?

उत्तर : हे फॅड नाही, हे बाबांना खुशाल सांग. मॉरिट्झ याकोबी या अभियंत्याने १८३८ मध्येच रशियातल्या नेवा नदीत विजेवर बोट चालवली होती, आणि नॉर्वेत २०१५ पासून ‘अँपिअर’ ही गाड्या वाहून नेणारी फेरीबोट बॅटरीवर धावू लागली. मात्र फक्त रूपांतराचंच काम मिळेल अशा जागा अजून मोजक्या आहेत, त्यामुळे बाबांची काळजी मला पटते.

नुसत्या ईव्हीच्या कोर्सवर मात्र विसंबू नकोस. गाडीच्या सवयी पाण्यात चालत नाहीत. संथ, जड बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ढोबळमानाने आठपट ताकद लागते. समज, एका बोटीला ६ नॉटला, म्हणजे तासाला ६ सागरी मैल वेगाला, ८ किलोवॉट लागतात. मग ३ नॉटला तिचं काम साधारण १ किलोवॉटमध्ये भागेल. २४ युनिटच्या बॅटरीवर ती पहिल्या वेगाने तीन तास, म्हणजे १८ सागरी मैल जाईल, आणि दुसऱ्या वेगाने ७२. प्रत्यक्षात बॅटरी तळाशी रिकामी करायची नसते आणि वारा, प्रवाह आडवे येतात, म्हणून यातलं बरंच राखून ठेवावं लागतं. बोटमालकाशी पहिलं बोलणं या हिशेबाचं असतं, मोटर कोणती हा प्रश्न नंतरचा.

वजनाचंही तसंच. १०० लिटर डिझेलमधून शाफ्टपर्यंत, म्हणजे बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत, साधारण ३०० युनिट पोहोचतात. तेवढ्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली तर तिचं वजन तीन टनांच्या आसपास जातं. म्हणून ठरलेल्या छोट्या मार्गावरची फेरी, तलावातली सफरीची बोट, शिडाची बोट यांना हे रूपांतर शोभतं. खोल समुद्रात दिवसेंदिवस राहणाऱ्या बोटीला नाही. असं काम आलं तर स्पष्ट नकार देता यायला हवा. माझ्या मते या धंद्यात नाव त्यानेच टिकतं.

तुझा डिप्लोमा खरा कामी येतो तो तारांपाशी. ४८ व्होल्टवर १० किलोवॉट म्हणजे दोनशेहून जास्त अँपिअर. एखादा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, नीट दाबला गेला नाही आणि तिथे एक हजारांश ओहम जरी रोध राहिला, तरी त्या एका जोडात चाळीसेक वॉट उष्णता तयार होते. म्हणजे बंद कप्प्यात, बॅटरीशेजारी, सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं. त्यात खारी हवा. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार, बॅटरीच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज, गळका प्रवाह शोधण्याची सोय यांत काटकसर चालत नाही. गळका प्रवाह पाण्यात उतरला की शाफ्ट आणि पंखा कुरतडला जातो. आयएसओ १६३१५ हे लहान बोटी विजेवर चालवण्याच्या यंत्रणेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, ते आतापासून वाचायला घे.

पदवीचं म्हणशील तर जोडणी, चाचणी, दुरुस्ती यांसाठी ती लागत नाही. इंजिन काढून बॅटरी ठेवली की वजनाची जागा बदलते, बोट पुढे-मागे झुकते, स्थैर्य पुन्हा मोजावं लागतं. प्रवासी बोटीत तर हे सक्षम अधिकाऱ्याकडून मंजूर व्हावं लागतं. त्या हिशेबावर सही करायची इच्छा असेल तर पदवीचा विचार कर, पण दोनेक वर्षं काम केल्यावर. तेव्हा तुला नेमकं काय शिकायचंय ते कळलेलं असेल.

पहिली नोकरी मी डिझेल बोटींची दुरुस्ती करणाऱ्या यार्डातच धर म्हणेन. शाफ्ट सरळ रेषेत बसवणं, स्टर्न ट्यूबची (शाफ्ट बोटीबाहेर पडतो त्या नळीची) गळती, पंख्याचा व्यास आणि पिच (एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते अंतर) हे तिथेच हाताला कळतं. मोठा, सावकाश फिरणारा पंखा मोटरला मानवतो. जुना तसाच ठेवला तर बॅटरी वाया जाते. बाबांनाही ही पक्की नोकरी वाटेल, आणि वाटेल ते खरंच आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर लहान मोटरबोट घे. प्रत्येक वेगाला किती वॉट लागतात ते जाताना आणि येताना, दोन्ही दिशांनी मोजून आलेख काढ. मुलाखतीला तो कागद सोबत ने.