थंडी ओसरताना बागेत काय करायचं, काय मुळीच करायचं नाही

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांत देवगडचा आंबा आहे, वरूडचा संत्रा आहे, रावेरची केळी आहे, निफाडची द्राक्षं आहेत. चारही ठिकाणचं हवामान वेगळं, माती वेगळी, पण बहुतेक प्रश्नांचं शेवटचं वाक्य एकच : "दुकानदाराने हे दिलंय, मारू का?" आधी त्याचं उत्तर घ्या. मारू नका. आधी झाड बघा, पान उलटं करून बघा, मातीत बोट घालून बघा, मग विचारा.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होतो, दुपारी ऊन चटकायला लागतं आणि आपल्याला वाटतं झाड जागं झालं. रात्रीचा गारवा मात्र अजून टिकून असतो आणि ओल्या जमिनीत मुळं थंडच राहतात. थंड मुळं खत उचलत नाहीत. याच पंधरा-वीस दिवसांत सगळ्यात जास्त खत आणि औषध वाया जातं, कारण घाई होते आणि त्या घाईला विकणारा बसलेलाच असतो.

"हापूसला डिसेंबरात मोहोर आला, वाटाण्याएवढी फळं धरली. आता पुन्हा नवा मोहोर निघतोय आणि धरलेली फळं गळताहेत. दुकानदाराने दोन कीटकनाशकं, एक बुरशीनाशक आणि एक टॉनिक एकत्र मारायला सांगितलंय." (देवगड)

ही गळ किडीची नाही. हा पुनर्मोहोर आहे. फळधारणा झाल्यावर थंडी पुन्हा वाढली की त्याच फांदीला नवा मोहोर फुटतो, झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं उपाशी राहून गळतात. यावर दोन काय, चार कीटकनाशकं मारली तरी काडीचा उपयोग नाही. ज्या बागेत हे दरवर्षी होतं तिथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस जिबरेलिक ॲसिड या संजीवकाची, ५० पीपीएमची आहे, म्हणजे २० लिटर पाण्यात १ ग्रॅम. पहिली फवारणी मोहोर पूर्ण फुललेला असताना, दुसरी फळ वाटाण्याएवढं झाल्यावर. नवा मोहोर बाहेर आल्यानंतर ती मारून तो परत आत जात नाही. तुमच्या बागेत यंदा ती वेळ गेली. पुढच्या हंगामासाठी लिहून ठेवा, आता पैसे घालू नका.

आता करण्यासारखं आहे ते उरलेली फळं टिकवणं. पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, फळ वाटाण्याएवढं, गोटीएवढं आणि अंड्याएवढं असताना एकेकदा. पाण्याची सोय असेल तर दर पंधरा दिवसांनी झाडाला १५० ते २०० लिटर, खोडाजवळ नाही, फांद्यांच्या टोकाखाली. काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद. आणि त्या ओलाव्यावर गवताचं, पातेऱ्याचं (वाळक्या पानांचं) जाड आच्छादन घाला. मी हे प्रत्येक बैठकीत सांगतो आणि प्रत्येक बैठकीत निम्मे लोक मान हलवून घरी जातात. आच्छादन घातलेल्या झाडाखाली पंधराव्या दिवशीही माती हाताला गार लागते, उघड्या झाडाखाली चौथ्या दिवशी ती भाजलेली असते. कोकणात फक्त एक काळजी : आधी बागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढा, मगच गवत पसरा. फेब्रुवारीत वणवा लागला की आच्छादनासकट बाग जाते.

तुडतुड्याबद्दल. मोहोर फुललेला असताना कीटकनाशक मारायचं नाही. पुन्हा सांगतो, फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारायचं नाही. हापूसचं फूल स्वतःच्याच परागाने नीट फळत नाही, त्याला दुसऱ्या जातीचा पराग लागतो आणि तो माश्या-मधमाश्याच आणतात. त्या तुम्ही मारल्यात तर मोहोर दिसायला झुपकेदार राहील आणि फळ धरणार नाही. मग तेच दुकान तुम्हाला फळधारणेचं टॉनिक विकेल. फवारणी मोहोर फुलायच्या आधी किंवा फळ धरल्यावर, तीही तुऱ्यावर चार-पाच तुडतुडे दिसले तरच. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के, १० लिटरला ३ मिली. तीन. बुचाने ओतून दहा-बारा नाही. पुढची गरज पडली तर औषध बदला, तेच तेच मारू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं हंगामात पुन्हा पुन्हा मारणाऱ्या बागांत फुलकिडी आटोक्यात येत नाहीत हे मी बघत आलो आहे, कारण फुलकिडी खाणारे मित्रकीटक आधी मरतात. भुरीसाठी, म्हणजे पांढरी पूड आणणाऱ्या बुरशीसाठी, पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम, सकाळी लवकर. दुपारच्या उन्हात गंधक मारलं की मोहोर करपतो.

आणि "पुढच्या वर्षीसाठी आत्ताच घाला" म्हणून कुणी कल्टार, म्हणजे फांदीची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझॉल, गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. मात्रा झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला ३ मिली. दुप्पट घातलेल्या बागा मी पाहिल्या आहेत : मोहोराचे आखूड गुच्छ, फांदी वाढत नाही, दोन वर्षांत झाड थकतं.

काजूवाल्यांनी पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन टप्प्यांवर ढेकण्या ही रस शोषणारी कीड बघावी. शेजारच्याने मारलं म्हणून मारू नये.

"संत्र्याची बाग डिसेंबरच्या मध्यापासून ताणावर आहे. पानं पिवळसर, थोडी गळली. कृषी केंद्रवाल्याने ताण तोडायला भरपूर पाणी, डीएपी आणि एक संजीवक सांगितलंय." (वरूड)

ताण म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडणं. पानं फिकी पडून साधारण चौथाई गळली असतील तर तो पुरेसा बसलाय. त्यापुढे ताणून फांद्या वाळवू नका. भरपूर पाणी मात्र अजिबात नाही. पहिलं पाणी हलकं, आंबवणीचं. चार-सहा दिवसांनी, जमिनीप्रमाणे, दुसरं थोडं जास्त, चिंबवणीचं, आणि खत त्याच्यासोबत. तिसऱ्या पाण्यापासून नेहमीची पाळी. एकदम पाट सोडला की झाड फुलाऐवजी पालवीवर जातं आणि जी फुलं येतात ती गळतात. दरवर्षी दहा बागा तरी अशा बघतो आणि दरवर्षी कारण हेच, "केंद्रवाल्याने सांगितलं."

पाणी द्यायचं ते दुहेरी आळ्यात. खोडाभोवती एक लहान आळं, त्यात पाणी जाऊच द्यायचं नाही. पाणी फक्त बाहेरच्या आळ्यात, फांद्यांच्या घेराखाली. संत्र्याची खाणारी मुळं तिथेच आहेत. खोडाला पाणी लागलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळवणारा रोग, आलाच, आणि डिंक्या लागलेलं झाड वाचवण्याचा खर्च दहा वर्षं आळी करण्याच्या मजुरीपेक्षा जास्त. खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. प्लॅस्टिकच्या भांड्यात करा, लोखंडी घमेल्यात नाही, आणि त्याच दिवशी संपवा. विळ्याचं पातं बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय.

बाहेरच्या आळ्यात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) चार बोटं जाड पसरा. खळ्यावर ते जाळता, तेच आणा. वाळवीची भीती वाटते हे ठाऊक आहे, म्हणून खोडापासून हात-दीड हात जागा मोकळी सोडा. आणि फुलं आल्यावर झाडाखाली वखर-नांगर घालू नका. वरची मुळं तुटतात, आठ दिवसांत फुलं खाली.

पुढे फळगळ दिसली तर १०० लिटर पाण्यात जिबरेलिक ॲसिड १.५ ग्रॅम आणि युरिया १ किलो. टू-फोर-डी हे अगदी थोड्या मात्रेत गळीवरचं संजीवक, जास्त मात्रेत तणनाशक. काही ठिकाणी त्या नावाने तणनाशकाचीच बाटली हातात ठेवतात. ती बाग मारते. शंभर लिटरला ग्रॅम-दीड ग्रॅमची गोष्ट असते तिथे बाटलीतल्या झाकणाचा हिशेब चालत नाही. ती बाटली बागेत नेऊच नका.

"केळीची कांदेबाग पिवळी पडलीय, वाढ थांबलीय. युरिया दुप्पट केला तरी फरक नाही." (रावेर)

फरक पडणारच नाही. कांदेबाग म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी, तिला थंडी गाठतेच. पारा दहा अंशांकडे गेला की केळी वाढायचं थांबते. ती उपाशी नाही, गारठली आहे. युरिया पूर्ववत करा, पालाश (पोटॅश) चुकवू नका. पाणी रात्री किंवा पहाटे द्या, म्हणजे बागेतली हवा थोडी उबदार राहते. बांधाला गजराज गवत नसेल तर यंदा उत्तरेच्या बाजूला हिरवी जाळी तरी बांधा. करप्याचा भाग तेवढा कापून बागेबाहेर जाळा. हिरवं पान कापू नका, केळीचं स्वयंपाकघर ते पानच आहे. निरोगी वाळलेली पानं ओळीत आच्छादन म्हणून टाका, करपलेली नाहीत. घडांना पिशव्या घाला.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांना. मण्यांत पाणी उतरल्यावर रात्री थंडी पडली की मणी तडकतात. पहाटे बागेत धूर करा, ठिबक थोडा वेळ चालवा, पण तडकण्याच्या भीतीने जास्त पाणी देऊ नका, त्यानेच तडकतात. भुरीवर औषध निवडताना आधी काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी, म्हणजे फवारणी आणि काढणीत किती दिवस ठेवायचे ते, वाचा, मग किंमत. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. तेव्हा सगळ्यांनीच काही चूक केली नव्हती, पण भोगलं सगळ्यांनी.

उन्हाळ कांद्याला लागवडीनंतर ४५ दिवसांपुढे युरिया नाही. साठाव्या दिवशी टाकलेला युरिया पात हिरवी करतो, मान जाड करतो आणि चाळीत कांदा सडवतो. "शेवटची एक गोणी टाका, वजन येईल" हे ऐकून चाळी रिकाम्या झालेल्या मी मोजल्या आहेत. फुलकिडीवर फवारताना चिकट द्रव्य घ्या, नाहीतर औषध पातीवरून ओघळून जातं.

परभणीच्या भाऊंचं कलिंगड जानेवारीच्या सुरुवातीला टोकलेलं उगवलं नाही. बियाण्यावर संशय घेण्याआधी जमिनीत हात घाला. थंड जमिनीत बी कुजतं. ट्रेमध्ये रोपं करून रात्री उबदार झाल्यावर लावा. फुलोऱ्यात फवारणी संध्याकाळी, मधमाश्या गेल्यावर.

टाकीत तीन-चार औषधं एकत्र घालण्याबद्दल वेगळं लिहितो, कारण निम्म्या पत्रांत तेच आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ती शेतकरी होती, मजूर होती, तुमच्या-माझ्या घरातल्यासारखी. लेबलवर तुमच्या पिकाचं नाव नसेल तर ते औषध तुमच्या पिकासाठी नाही. मात्रा लेबलवरची, दुकानदाराच्या तोंडची नाही. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत बिलावर लिहून घ्या. बिल नाही म्हणाला तर बाटली परत ठेवा. अनाशापोटी फवारू नका, वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका, आणि फवारणी झाल्यावर त्या बादलीने घरात पाणी भरू नका.

योजना थोडक्यात : ठिबकला अनुदान अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के, ठरवलेल्या खर्चमर्यादेत. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेचं अनुदान तीन वर्षांत, पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ३०, मग २०. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, पूर्वसंमतीआधी घेतलेल्या साहित्याला पैसे नाहीत. फळपीक विमा हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. गारपिटीचा वेगळा हप्ता भरला असेल तर ७२ तासांत कळवा.

सांगलीच्या ताईंनी परसातल्या मोगऱ्याचं विचारलंय. आठ-पंधरा दिवस पाणी तोडा, मग जानेवारी संपायच्या आत दीड-दोन फुटांवर छाटा, वाळकी काडी काढा, शेणखत घालून हलकं पाणी द्या. गुलाब मात्र आता छाटू नका, नर्सरीवाल्याने सांगितलं तरी. त्याची छाटणी ऑक्टोबरातली. आणि दोन्हींच्या बुडाशी वाळका पाला पसरा, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाण्यावर भागेल.